शिवदासचा गुडघा

विद्याधर सरांनी रबरी हातोडी मारली आणि शिवदासचा पाय हललाच नाही.

नववी अ अगदी तयारीत बसली होती. पाय उडाला की सगळ्यांनी मिळून "ओऽऽ" करायचं, हे दहावीतल्या मुलांनी आधीच पढवून ठेवलेलं. त्या "ओऽऽ"साठी उघडलेली तोंडं तशीच उघडी राहिली. शिवदास प्रयोगशाळेच्या मधल्या उंच टेबलावर बसला होता, उजव्या पायाची पँट गुडघ्याच्या वर दुमडलेली, दोन्ही पाय खाली लोंबकळत. दरवर्षी बसायचा तसाच.

"काय रे शिवदास, डबा खाल्ला नाहीस का आज?" सर म्हणाले. पोरं हसली. सरांनी पुन्हा नेम धरला, वाटीच्या खाली बरोब्बर मऊ जागेवर. टप्. पाय गप्प.

"सर, काकांची बॅटरी गेली," मागून अनय ओरडला.

"तुझी कधी आली होती?" सर म्हणाले. वर्ग पुन्हा हसला आणि त्या हशात सरांनी डावा गुडघाही ठोकून पाहिला. तोही ढिम्म. मग त्यांनी हातोडी हळूच खिशात घातली. "कधीकधी माणूस अंग आवळून बसला की असं होतं. उतर रे. उद्या ब तुकडीला नीट सैल बस. उद्या मोठ्या बाई येणार आहेत माझा पाठ बघायला."

शिवदास उतरला. उतरताना त्याने टेबलाची कड घट्ट धरली, कारण जमीन नेमकी कुठे आहे ते त्याला हल्ली बघावं लागायचं.

आता, शिवदासचा गुडघा ही काही साधीसुधी गोष्ट नव्हती. जोगेश्वरीच्या त्या शाळेत बावीस वर्षं नववीचा तो धडा शिवदासच्या गुडघ्यावर शिकवला जात होता. फळ्यावर चित्र नंतर, पुस्तक नंतर, आधी शिवदास. "ही बघा बातमी," सर म्हणायचे. "हातोडी लागली, स्नायू ताणला, बातमी चेतातंतूतून निघाली ती थेट मेरुरज्जूत. तिथल्या तिथे हुकूम सुटला, पाय उडाला. मेंदूला विचारलंच नाही कोणी! शिवदासला कळतं तेव्हा त्याची लाथ मारून झालेली असते." मग शिवदास लाजल्यासारखं हसायचा आणि पोरं खूश. एकदा तर त्याच्या पायाने सरांच्या हातातली वही उडून पंख्याला लागली होती. ती गोष्ट सर अजून सांगायचे आणि दर वर्षी पंखा थोडा वर जायचा. जुनी मुलं, आता चांगली पोटं सुटलेली, मेघवाडीच्या नाक्यावर भेटली की नमस्कार न करता विचारायची, "काका, गुडघा काय म्हणतो?"

कागदावर शिवदास प्रयोगशाळा परिचर होता. म्हणजे बीकर धुवायचे, स्पिरिटचे दिवे भरायचे, बाटल्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा लिहायच्या, आणि कुठलं पोरगं कुठल्या बाटलीला हात लावतंय त्यावर पाठ फिरवूनसुद्धा नजर ठेवायची. पण मुलांनी शंभर माणसांतून ओळखावं असं त्याच्यात काही होतं, तर तो गुडघा. बाकी शिवदास म्हणजे पाच फूट चार इंच, तेल लावून बसवलेले केस आणि खाकी शर्ट. रस्त्यात दिसला तर दुसऱ्यांदा कोणी बघणार नाही.

अ तुकडी जागेवर बसली आणि सर फळ्याकडे वळले. शिवदास कोपऱ्यातल्या नळाखाली टेस्ट ट्यूब धुवायला लागला. त्याला धडा पाठ होता. पुढचं वाक्य कुठलं, त्यावर कुठला विनोद, सगळं.

"आता दुसरं खातं, संप्रेरकांचं," सर म्हणाले. "हे धावत येत नाही. ग्रंथीतून निघतं, रक्तात मिसळतं आणि निवांत पोचतं. पण एकदा पोचलं की आख्ख्या अंगाला खबर. स्वादुपिंडातून काय येतं?"

"इन्सुलिन!"

"ते कमी पडलं तर?"

"डायबेटिस, सर!"

"बरोबर. आणि ती साखर रक्तात वर्षानुवर्षं पडून राहिली, की ती काय करते माहीत आहे? चेतातंतू पोखरते. म्हणजे एक खातं झोपलं, की ते दुसऱ्यालाही घेऊन बुडतं. आणि आधी जातात ते सगळ्यांत लांबचे. सगळ्यांत लांबचे कुठले, सांगा?"

"पायाचे, सर!"

शिवदासने नळ मोठा केला.

अकरा वर्षं त्याला साखर होती. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि मेघवाडीतल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरला. शाळेत कोणालाही नाही. इतकं नाही, की मधल्या सुट्टीत सगळ्यांबरोबर येणारा चहा, चमचा उभा राहील इतका गोड, तो अकरा वर्षं मुकाट्याने प्यायला. बिनसाखरेचा मागितला असता तर कॅन्टीनवाली बाई म्हणाली असती, "अगो बाई, शिवदासभाऊंना पण?" आणि पंधरा मिनिटांत ते शिक्षकांच्या खोलीत, वीस मिनिटांत मोठ्या बाईंच्या टेबलावर. घरी माणिक बिनसाखरेचा चहा करायची, कारल्याचा रस पाजायची, गोळ्या मोजून द्यायची. आणि हा शाळेत जाऊन दिवसाला दोन कप सरबत पिऊन यायचा. वर दुपारची गोळी खिशातच राहायची, कारण ती घेताना कोणी बघितलं तर!

एवढं लपवायचं काय होतं? होतं. ग्रंथालयातल्या जयवंतचं काय झालं ते शिवदासने पाहिलं होतं. जयवंतला दिसेनासं झालं, तो चुकीची पुस्तकं द्यायला लागला, मग मोठ्या बाईंनी, म्हणजे माधुरी मॅडमनी, त्याला अगदी गोड शब्दांत गेटवर बसवलं. गेटवर! तीस वर्षं पुस्तकांना पुठ्ठे घालणारा माणूस, पाण्याच्या टँकरला आत घ्यायला उठतोय. पोरं जाता-येता त्याच्यासमोर बोटं नाचवायची, "जयवंतमामा, किती?" सहा महिन्यांत तो यायचाच बंद झाला. आणि गेल्या महिन्यात संस्थेचा कागद आला होता: शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची तब्येत पाहून कामं नव्याने वाटली जातील, प्रयोगशाळेसारख्या जोखमीच्या जागी एजन्सीची माणसं घेता येतील. शिवदासच्या निवृत्तीला चौदा महिने होते. चौदा महिने त्याला त्या खोलीत काढायचे होते, त्या स्पिरिटच्या वासात, स्वतःच्या अक्षरातल्या त्या चिठ्ठ्यांमध्ये. बाकी त्याचं मागणं काही नव्हतं.

गुडघा उडाला नाही म्हणजे काय, हे नववी अ मधल्या कोणाला कळलं नव्हतं. कदाचित सरांनाही नाही. शिवदासला कळलं. धडा पाठ होता ना.

*

संध्याकाळी माणिक भाकऱ्या थापत होती. शिवदास पलंगावर उंच उशा रचून त्यावर बसला आणि पाय खाली सोडून म्हणाला, "गो माणिक, लाटणा घेऊन ये."

"कित्याक?"

"हयसर मार. वाटीच्या खाली."

माणिक पिठाच्या हाताने बघत राहिली. "नवऱ्याक लाटण्यान मारू?"

"मार गो. हळू मार."

"इतकी वर्सां मनातल्या मनात मारीत इलंय," ती म्हणाली, "आज परवानगी गावली." आणि तिने मारलं. लाटणं लागलं, ते त्याला कळलंही, पण कापसाच्या गादीआडून कोणी दार ठोठावावं तसं. पाय आपणहून उडाला नाही. मग शिवदासने तो उडवला.

"उशिरा झाला?"

"काय उशिरा? तुमी लाथ कित्याक मारतास?"

त्याने तिला सगळं सांगितलं नाही. सरांचा पाठ आहे, मोठ्या बाई बघणार आहेत, पाय झटकन उडायला हवा, एवढंच. माणिक हसून हसून बेजार झाली. दहा-बारा वेळा मारून झालं. युक्ती शिवदासच्या लक्षात आली ती अशी, की लागण्याची वाट बघायची नाही. लाटणं खाली येताना बघायचं आणि ते लागायच्या केसभर आधी पाय सोडायचा. मग अगदी खरं वाटायचं. पंधराव्या वेळी तर त्याने इतकी झकास लाथ मारली की माणिकच्या हातातलं लाटणं उडालं.

ते उचलायला ती वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"ह्या काय?"

"काय?"

"रगात. पाय हडे करा बगूया." तिने त्याचा तळवा वर केला. अंगठ्याच्या बुडाशी मांस काळंनिळं झालं होतं, मध्ये पांढरट भोक आणि त्यात काहीतरी चमकत होतं. तिने सुईने टोकरून बाहेर काढलं. काचेचा तुकडा, नखाएवढा, एका बाजूला गोलाई असलेला. शिवदासने तो लगेच ओळखला. सोमवारी सातवीच्या पोराने टेस्ट ट्यूब फोडली होती, ती त्यानेच झाडून काढली होती. आज बुधवार. तीन दिवस तो त्या तुकड्यावर उभा राहून बीकर धूत होता, जिने चढत होता, बाजारातून कांदे आणत होता.

"तुमका कळला नाय?"

"नाय."

"अहो, दुखूक नाय?"

"नाय म्हटलंय ना."

माणिकने पायाला नाक लावलं आणि तिचा चेहरा बदलला. भाकरी तव्यावर करपत होती, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. "आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे चला."

"उद्या. शाळा सुटल्यावर."

"आत्ता."

"डॉक्टरान ठेवून घेतल्यान तर? उद्या सरांचो पाठ आसा. उद्याचो दिवस जाऊंदे, मग तू म्हणशीत थंय येतंय." तो तिच्याकडे बघत नव्हता. "माणिक, माका गेटवर नाय बसूचा."

तिला वर्गाचं, हातोडीचं काही कळलं नव्हतं, पण हे कळलं. जयवंत तिच्याकडे गणपतीला मोदक खायला यायचा. तिने गरम पाण्यात हळद घालून जखम धुतली, जुन्या साडीची पट्टी बांधली आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतली.

*

दुसऱ्या दिवशी शिवदास चपलेऐवजी बूट घालून आला. नववी ब मध्ये एकवीस मुलं. मोठ्या बाई मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. सर नेहमीपेक्षा जरा वरच्या आवाजात बोलत होते.

"ये रे शिवदास. हे आमचे शिवदास. यांच्या गुडघ्याला आम्ही सगळे गुरू मानतो."

शिवदास चढून बसला. पँट दुमडली. त्याचं तोंड कोरडं पडलं होतं, तळहात गार, आणि छातीत असं धडधडत होतं की शर्टाची गुंडी हलताना त्याला दिसत होती. अधिवृक्क ग्रंथी, त्याला आपोआप आठवलं. भीती वाटली की अ‍ॅड्रेनॅलिन सोडते. लढ किंवा पळ. तेवढी एक ग्रंथी त्याच्या अंगात अजून चोख कामावर होती.

सरांनी हातोडी उचलली. शिवदास बघत राहिला. खाली आली, आली, आणि केसभर आधी...

पाय सुटला! अगदी कमानीत, जोरात. वर्गाने छप्पर उडवणारा "ओऽऽऽ" केला. मागे मोठ्या बाई चक्क हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. सरांचा चेहरा उजळला. "बघितलंत? मेंदूला विचारलं?"

"नाहीऽऽ!"

शिवदासच्या पाठीवरून घाम ओघळला. झालं. संपलं. तो उतरायला कड धरणार, इतक्यात दुसऱ्या बाकावरचा हात वर गेला.

ही गंधाली. गेल्या वर्षीपर्यंत हिचा आवाज कसा आहे हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. मग पावसाळ्यात सरांनी तिला जबरदस्तीने वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, ती अंधेरीच्या बड्या शाळांना हरवून पहिली आली, आणि तेव्हापासून जो हात वर गेला तो खाली यायचं नावच घेत नव्हता. आपल्याला बोलता येतं हे नुकतंच कळलेल्या मुलीला आवरणार कोण? तिच्या डोळ्यांत नुसती चमक होती. द्वेष नाही, खोडी नाही. तिला काहीतरी दिसलं होतं आणि ते सांगितल्याशिवाय तिला राहवत नव्हतं, बस.

"सर, काकांचा पाय हातोडी लागायच्या आधीच उडाला."

"आधी कसा उडेल?"

"तेच ना सर! प्रतिक्षिप्त क्रिया आधी होऊच शकत नाही. म्हणजे काकांनी बघून उडवला. म्हणजे मेंदूला विचारलं."

वर्गात कुजबुज झाली. "ए, खरंच गं, मला पण वाटलं." "गप रे, तुला काय वाटतंय, तू झोपला होतास."

सर हसले. "गंधाली, तुझे डोळे फारच तेज झालेत."

"सर, आपण काकांना डोळे मिटायला सांगू या ना. मग कळेल." आणि मग, वक्तृत्वातल्यासारखा हात पुढे करून, "तुम्हीच म्हणता ना, विज्ञानात मानायचं नसतं, करून बघायचं असतं."

मागून मोठ्या बाईंचा आवाज आला. "छान आहे मुलगी. बघा ना करून, विद्याधर सर."

आता सर तरी काय करणार. ते शिवदासकडे वळले, आणि त्या क्षणी त्यांना काहीतरी दिसलं असावं. शिवदासच्या कपाळावरचा घाम, किंवा टेबलाच्या कडेवर पांढरी पडलेली बोटं, किंवा कालचे ते दोन्ही ढिम्म पाय आत्ता त्यांना एकदम आठवले असतील. बावीस वर्षं ज्याचा गुडघा बघितला त्याच्या तोंडाकडे सर पहिल्यांदाच बघत होते.

"डोळे मीट, शिवदास," ते हळू म्हणाले.

शिवदासने मिटले.

अंधारात त्याने कान लावले. एकवीस मुलं गप्प झाली. कोणाचा तरी बाक करकरला. सरांच्या बाहीचा आवाज आला, वर गेल्याचा. मग सगळ्या वर्गाने एकदम श्वास ओढला, तोच तो, "ओऽऽ"च्या आधीचा, बावीस वर्षं ऐकलेला. आता. शिवदासने जीव एकवटून पाय झाडला.

"ओ" आलाच नाही.

त्याने डोळे उघडले. सरांचा हात वरच होता, कानाशी, हातोडी तशीच हवेत. त्यांनी मारलीच नव्हती. त्यांच्याने मारवली नव्हती. आणि समोर शिवदासचा पाय हवेत ताठ, कोणीही न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखा.

आधी अनयसारखंच ब तुकडीतलं कोणीतरी फिस्कन हसलं, आणि मग सगळा वर्ग फुटला. बाकांवर थापा, डोळ्यांत पाणी. "काका, चीटिंग!" "काका, एक नंबर अ‍ॅक्टिंग!" पोरांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना वाटलं, काकांनी मजा केली. गंधाली तर उभी राहून दोन्ही हात वर करून नाचली. "बघा! बघा सर! मी म्हटलं नव्हतं?"

शिवदास हसला. सगळे हसतायत म्हटल्यावर तोही हसला. मोठ्या बाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या त्याच्या बुटाकडे बघत होत्या. लाथ मारताना बुटाच्या शिवणीतून काहीतरी पातळ, गुलाबीसर, टेबलाच्या पायावर उडालं होतं.

"शिवदास," तास संपल्यावर त्या म्हणाल्या, अगदी गोड आवाजात, "जरा ऑफिसात येता का?"

*

ऑफिसात त्यांनी बूट काढायला सांगितला. वासाने त्यांनी पदर नाकाला लावला, पण त्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी स्वतः रिक्षा बोलावली, बरोबर माणूस दिला. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरणीने पाय बघितला, पट्टी बघितली, साडीचं कापड चिमट्यात धरून बाजूला टाकलं आणि विचारलं, "काका, काल का नाही आलात?"

"काल शाळा होती."

"शाळेत काय करता?"

शिवदासने जरा विचार केला. "नववीला शिकवतो," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो असं खोटं बोलला, आणि ते पूर्ण खोटं होतं का हे त्यालाही सांगता आलं नसतं.

अंगठा गेला. मग शेजारची दोन बोटं गेली. एक दिवस आधी आला असता तर अंगठ्यावर भागलं असतं का, हे माणिकने डॉक्टरणीला तीन वेळा विचारलं. तिसऱ्या वेळी डॉक्टरणीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. मग माणिकने कोणालाच काही विचारलं नाही. घरी तिने लाटणं फडताळाच्या वर टाकलं, दिसणार नाही असं, आणि भाकऱ्याच करत राहिली.

विद्याधर सर हॉस्पिटलात एकदा आले. मोसंबी घेऊन. डब्याच्या वेळी आले आणि डबा उघडायच्या आत निघाले.

"तू मला सांगायचंस रे," जाताना ते म्हणाले. "बावीस वर्षं..."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "व्हिडिओ दाखवला असता," ते म्हणाले. खरं तेच बोलले बिचारे. मोसंबी माणिकने शेजारच्या खाटेवरच्या मुलाला दिली.

मार्चमध्ये शिवदास कामावर रुजू झाला. मोठ्या बाईंनी त्याला खुर्ची दिली, प्लास्टिकची नव्हे, हात असलेली लाकडी. "इथे तुम्हाला दगदग नाही," त्या म्हणाल्या. "जा-ये नाही, काच नाही, अ‍ॅसिड नाही." गेटच्या आत डाव्या हाताला, भिंतीला लागून. प्रयोगशाळेत एजन्सीचा एक पोरगा आला होता. त्याने पहिल्याच आठवड्यात सगळ्या बाटल्यांवर छापील चिठ्ठ्या चिकटवल्या. चांगल्या दिसत होत्या म्हणे. सर आता मागच्या जिन्याने वर जायचे.

एका दुपारी शाळेच्या दारात रिक्षा थांबली आणि इमारतीतून गंधाली आली, दोन्ही हातांत काहीतरी मोठं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं सावरत. मागून सर, बगलेत तक्त्यांची गुंडाळी.

"काका, मोठं गेट उघडाल? छोट्यातून नाही जाणार हे!"

शिवदास काठी घेऊन उठला. कडी काढली, एक दार ढकललं. वाऱ्याने चादर उडाली आणि खाली थर्माकोलचा पाय दिसला. केवढा मोठा! गुडघ्यापासून तळव्यापर्यंत, आतून पिवळ्या तारा सोडलेल्या, तारांना बारके लाल दिवे.

"विज्ञान प्रदर्शन, काका!" गंधाली श्वास न घेता सांगू लागली. "शाळेतून माझं एकटीचं निवडलंय. आता वॉर्डाच्या प्रदर्शनात. हे बटण दाबलं ना, की इन्सुलिन आहे, सगळे दिवे लागतात. आणि हे दाबलं की इन्सुलिन नाही, मग हळूहळू एकेक विझत जातो, खालून वर. आधी बोटांचे. टायमर बसवलाय बाबांनी. लय भारी दिसतं अंधारात! विषय मला त्या दिवशीच सुचला, काका, म्हणजे तुमच्या..."

आणि मग ती थांबली. खाली बघितलं. शिवदासच्या उजव्या पायात पुढून कापलेली चप्पल होती आणि चपलेत अर्धाच पाय. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हातातल्या थर्माकोलच्या पायाकडे, त्याच्या पाचही बोटांकडे.

"काका, मी... मला माहीत नव्हतं. खरंच."

"तू बरोबर बघितलंस," शिवदास म्हणाला. "पाय आधीच उडाला होता."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शिवदासने ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, हिला काहीतरी चांगलं बोलावं, पाठीवर हात ठेवावा. तो शोधत राहिला. सापडलं नाही, आणि त्याने फार शोधलंही नाही.

"बोटं नीट सांभाळ रिक्षात," तो म्हणाला. "थर्माकोल लगेच तुटतं."

सर केव्हाच रिक्षात जाऊन बसले होते, समोर ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत. "गंधाली, उशीर होतोय," ते म्हणाले. मग जरा थांबून, मान न वळवता, "शिवदास, तेवढं गेट लावून घे."

रिक्षा गेली. शिवदासने गेट लावलं, कडी घातली, खुर्चीत येऊन बसला आणि उजवा पाय पुढे पसरला. वर कुठल्यातरी वर्गात मुलं पाढे म्हणत होती. ते ऐकत तो बराच वेळ बसला.

मग त्याने सहज खाली पाहिलं. भिंतीची सावली मागे सरकली होती आणि गेटपाशी टाकलेल्या लोखंडी पत्र्यावर त्याचा पाय भर उन्हात पडला होता. कधीपासून, कोण जाणे. जवळून जाणारं कुत्रं त्या पत्र्यावर एक पंजा ठेवून लगेच बाजूला झालं.

शिवदासने काठी भिंतीला टेकवली, वाकला, आणि दोन्ही हातांनी धरून आपला पाय उचलून सावलीत ठेवला.